माझ्या आधी पाणी सांगणारी

मला तिचा हेवा वाटतो. पाचवीत आम्ही एका बाकावर आलो तेव्हापासून वाटतो. मी वर्गात पहिली यायचे, ती काठावर पास व्हायची, आणि तरी मधल्या सुट्टीत सगळ्या मुली तिच्याभोवती. माझ्याकडे यायच्या त्या वही मागायला. तिच्या डब्यात तांदळाची भाकरी आणि सुकटीची चटणी असायची, ते सगळं चौघींना वाटून ती स्वतः उपाशी राहायची आणि मग पाचवी कोणीतरी तिला आपल्या डब्यातलं द्यायची. मी माझी पोळी-भाजी नीट चावून खायचे आणि वाटायचं, ह्या सगळ्यांना अक्कल नाही. आता मी सेहेचाळीस वर्षांची आहे आणि माझं मत फारसं बदललेलं नाही.

पुढे शिक्षण, नोकरी, लग्न असं करत मी बरीच वर्षं कळव्याला भाड्याने काढली आणि शेवटी फ्लॅट घेतला तो नेमका तिच्या दारात. डोंबिवली पूर्वेला, स्टेशनपासून रिक्षाने वीस मिनिटं, जिथे शहर संपलं असं वाटतं आणि मग आणखी तीन कॉम्प्लेक्स लागतात, तिथे आमच्या पाच बिल्डिंगा आहेत. त्यांच्या मागे कंपाउंडची भिंत, भिंतीला एक भगदाड, आणि भगदाडापलीकडे तिचं गाव. गाव म्हणजे काय, पोपटी आणि गुलाबी रंगांचे चार-चार मजली बंगले, प्रत्येकाच्या गच्चीवर पाण्याच्या टाकीला विमानाचा नाहीतर फुटबॉलचा आकार दिलेला. ती जन्मली ह्याच गावात आणि लग्न करून गेली चार घरं पलीकडे. आमच्या बिल्डिंगांखालची जमीन तिच्या आजोबांची. पहिल्यांदा माझ्या घरी आली तेव्हा हॉलच्या मधोमध उभी राहून म्हणाली, "हितं आमी वाल लावायचो." मी तेव्हा तिला नवीन सोफा दाखवत होते.

इथे पाण्याचं सांगितलंच पाहिजे. आमच्याकडे पाणी दिवसातून एकदाच येतं आणि ते कधी येईल ह्याला नेम नाही. कधी सकाळी आठला, कधी साडेदहाला, शुक्रवारी बहुतेक येतच नाही. आलं की पाऊण तास टिकतं. बिल्डरने जमिनीखालची टाकी एवढीशी बांधली आहे की पाणी येत असतानाच मोटर लावून ते गच्चीवरच्या टाकीत चढवत राहावं लागतं. वेळ चुकली की ती बिल्डिंग दिवसभर कोरडी. म्हणून पाणी कधी येणार हे आधी कळणं ही आमच्याकडची सगळ्यात महत्त्वाची बातमी. आणि ती बातमी पाच बिल्डिंगांतल्या दोनशेवर घरांना रोज सकाळी कोण देतं, तर ती.

व्हॉल्व्ह फिरवून पाणी सोडणारा माणूस तिचा चुलत भाऊ. त्याच्याकडे छातीपर्यंत येणारी लोखंडी चावी असते, म्हणून त्याला सगळे चावीवाला म्हणतात. चावी मोटरसायकलला आडवी बांधून तो निघतो, व्हॉल्व्ह फिरवला की तिला मिस्ड कॉल देतो, आणि ती मोबाइलवरच्या पाण्याच्या ग्रुपवर बोलते. लिहीत नाही, बोलते. मागे कोंबडा, कुकरची शिट्टी, नळाखाली आपटणारं पातेलं. "चला गो बायांनो, व्हॉल फिरला. धा मिन्टांनी मोटरी लावा. ई बिल्डिंगच्या आजी, तुमी उतरू नका, गुडघा हाय तुमचा, पोराला सांगा." झालं. एवढं बोलली की दोनशे घरांत बायका बादल्या सरकवतात.

ग्रुपवर बाकी काय चालतं ते विचारू नका. बी बिल्डिंगमधले एक गृहस्थ तिचा आवाज येऊन गेला की रोज विचारतात, "बी ला येणार का?" बाकीच्या चार बिल्डिंगांना जे पाणी येतं तेच त्यांना येतं, पण त्यांना वेगळं उत्तर हवं असतं, आणि ती रोज देते: "येनार काका, बी ला पन येनार." कोणी कुरडया विकतं. एकाने हरवलेल्या एका चपलेचा फोटो तीन दिवस टाकला आणि चौथ्या दिवशी चप्पल सापडली. एक निवृत्त मास्तर सगळ्यांना सकाळी सुविचार पाठवतात आणि त्याला सगळ्यात जास्त हात जोडणारी माणसं ते न वाचणारी असतात. मी हे सगळं नाक मुरडून बघायचे आणि ग्रुप सोडायची हिंमत मात्र माझ्यात नव्हती, कारण पाणी.

गेल्या वर्षी तर नाक्यावर तिच्या वाढदिवसाचा फ्लेक्स लागला. पंधरा फूट उंच, मध्ये ती, नाकात नथ, गळ्यात दिसेल तेवढं सोनं, वर लिहिलेलं 'आपली पाणीवाली ताई', आणि खाली शुभेच्छुकांचे बारीक बारीक फोटो ओळीने. मी रिक्षातून उतरून ते सगळे चेहरे वाचले. तिसऱ्या ओळीत माझ्या सासूबाई होत्या. आमच्या लग्नातला फोटो कापून दिला होता, बाजूला माझा अर्धा कान दिसत होता.

आता माझं सांगते. मी वीस वर्षं ऐरोलीला एका कंपनीत काम केलं. परदेशातल्या कारखान्यांच्या पाइपांमधून काय वाहतंय, किती दाबाने वाहतंय, कुठे गळतंय, हे स्क्रीनवर दाखवणारं सॉफ्टवेअर मी लिहीत होते. मी कधीही न पाहिलेल्या गावातल्या पाइपात दाब कमी झाला तर मला इथे बसल्या जागी कळायचं. आणि माझ्या स्वतःच्या नळाला पाणी कधी येणार हे मला बारावी नापास बाई कोंबड्याच्या आवाजासकट सांगत होती. हे मला सहन होत नव्हतं. लोक नोकरी सोडताना स्वप्न वगैरे म्हणतात. मी दोन वर्षांपूर्वी सोडली ती ह्या जळफळाटापायी, फक्त तेव्हा मीही स्वप्न असंच म्हणाले होते.

मी एक यंत्र बनवलं. जेवणाच्या डब्याएवढं, करड्या रंगाचं. त्याचा सेन्सर जमिनीखालच्या टाकीत सोडायचा. टाकीत वीतभर पाणी चढलं की सगळ्यांच्या मोबाइलवर ॲपची घंटा वाजते आणि मोटर आपोआप सुरू होते. कोणाच्या आजीने खाली उतरायला नको, कोणाच्या चुलत भावाचा मिस्ड कॉल नको. ठाण्याला घोडबंदर रोडला मोठमोठ्या टॉवरची देखभाल बघणारी एक कंपनी आहे, तिथे मी ते घेऊन गेले. तिथल्या साहेबांनी डबा उलटासुलटा करून पाहिला. म्हणाले, "मॅडम, आयडिया छान आहे. पण लोक वापरतात का, ते दाखवा. तुमच्याच पाच बिल्डिंगांत महिनाभर चालवा आणि पाचही चेअरमनच्या सहीचं पत्र आणा, की आम्ही ह्याच्यावरच चालतो. आपण चाळीस टॉवरना लावू."

म्हणजे सगळं त्या पत्रावर आलं. पत्र मिळालं तर माझी दोन वर्षं कारणी लागणार. नाहीतर ऐरोलीहून परत बोलावणं आलेलंच होतं, माझ्या हाताखाली शिकलेल्या एका मुलाच्या हाताखाली बसायचं होतं, आणि हो की नाही ते त्यांना महिनाअखेरीला कळवायचं होतं.

पाचही बिल्डिंगांत डबे बसले. यंत्र चाललं, अगदी व्यवस्थित चाललं. फक्त एक झालं. टाकीत वीतभर पाणी चढेपर्यंत तिची बातमी दोनशे घरांत पोचून जुनी झालेली असायची. माझी घंटा वाजायची तेव्हा बायकांच्या बादल्या नळाखाली लागलेल्या असायच्या. चौथ्या दिवशी लिफ्टमध्ये एक बाई मला हसत म्हणाली, "तुमचं ॲप ना, शिळी बातमी देतं हो." तिने सहज म्हटलं असेल. मी तीन मजले आधीच उतरून जिन्याने गेले.

त्याच संध्याकाळी मी भगदाडातून तिच्याकडे गेले. ती ओट्यावर बसून कोलंबी सोलत होती. मी सगळं सांगितलं, ठाण्याची कंपनी, चाळीस टॉवर, पत्र, ऐरोली. आणि म्हटलं, "महिनाभर तू ग्रुप बंद ठेवशील का? लोकांना ॲपची सवय लागेपर्यंत."

मला वाटलं होतं ती जरा तरी खट्टू होईल. दोनशे घरं रोज जिच्या आवाजाची वाट बघतात तिला आवाज बंद करायला सांगत होते मी. घरून निघताना तीन वेगवेगळी समजावण्याची वाक्यं तयार करून आणली होती.

"मंग बंद करू. त्यात काय," ती म्हणाली. हात कोलंबीचे होते म्हणून मोबाइल कोपराने माझ्याकडे सरकवला. "कुठं दाबायचं ते तूच दाब. मना नाय कलत त्यातलं."

दाबण्याआधी तिने एक शेवटचा आवाज टाकला. "उद्यापासून माज्या मैत्रिनीच्या मशीनवर पानी कलल. आवाज नाय येनार माजा. ती आमच्या वर्गात कायम पयली यायची, तिचं मशीन चुकनार नाय." मग मी माझ्या बोटाने तिचा ग्रुप बंद केला. परत येताना तिने मला वाटीभर कोलंबी बांधून दिली. ती घरी नेऊन मी सासूबाईंना म्हटलं की मला भूक नाही.

ग्रुप बंद झाला आणि लोक काही माझ्या घंटेवर चालू लागले नाहीत. ते तिला फोन करू लागले. तिने ग्रुपवर न बोलण्याचं कबूल केलं होतं, फोन उचलणार नाही असं नव्हतं केलं. आणि फोन करणाऱ्यात पहिल्या कोण, तर आमच्या सासूबाई. एकदा पूजा करता करता देवघरातून कुजबुज ऐकू आली. "काय गं, फिरवला का तुझ्या भावाने व्हॉल्व्ह?... हो हो... नाही, ती आत आहे, तिला नाही ऐकू जात." मी दारात जाऊन उभी राहिले. सासूबाईंनी फोन निरांजनाच्या मागे ठेवला.

"मोटर आपोआप सुरू होते आई. घंटा वाजते. मग विचारायचं कशाला?"

"अगं, तुझी घंटा वाजते, छानच वाजते," त्या म्हणाल्या. "पण तिच्याशी बोललं की बरं वाटतं. माझं गुडघ्याचं तेलही तीच सांगते."

त्या दिवशी मी ठरवलं की माझी घंटा तिच्या आधी वाजली पाहिजे. पाणी पोचवणं वगैरे बाजूला राहिलं. फोनवर तिने 'फिरला' म्हणायच्या आत दोनशे मोबाइल वाजले पाहिजेत, म्हणजे तिच्याकडे सांगायला काही उरणार नाही. उपाय सोपा होता. सेन्सर टाकीतून काढायचा आणि बाहेरून येणाऱ्या मोठ्या पाइपाला लावायचा. व्हॉल्व्ह फिरला की पाइपात दाब वाढतो, दाब वाढला की घंटा. टाकीत पाणी चढायची वाट बघायलाच नको.

पाइपाला सेन्सर बसवत मी खड्ड्यात वाकले होते तेव्हा ती भगदाडातून आली, डोक्यावर अळूची जुडी. थोडा वेळ बघत उभी राहिली.

"हितं लावतंस?" ती म्हणाली. "नको गो. त्यात आदी हवा येते. नल कसा फुसफुसतो, आयकलं नाय कदी? धा मिन्टं नुसती हवा, मंग पानी. म्हनून तर मी धा मिन्टांनी मोटरी लावा सांगते."

इतकी वर्षं रोज तिच्या तोंडून ती दहा मिनिटं ऐकत होते आणि कधी विचारलं नव्हतं की दहाच का. मला वाटायचं, बायकांना पदर खोचायला वेळ म्हणून सांगते. आणि खरं बोलायचं तर त्या क्षणी मला कळलं होतं, की घंटा हवेच्याच दाबावर वाजणार आणि मोटर कोरडी फिरणार. पाइपातली हवा मला कळणार नाही तर कोणाला? पण दहा मिनिटं थांबायचं म्हणजे पुन्हा तिच्या मागे. आणि वीस वर्षं पाइपांवर काढलेल्या मला पाइप कोण शिकवतंय, तर डोक्यावर अळू घेतलेली ही. "बघते मी," एवढंच म्हटलं. ती म्हणाली, "बग," आणि सासूबाईंना अळू द्यायला वर गेली.

पहिले आठ दिवस माझेच होते. घंटा सगळ्यांच्या आधी वाजत होती. मोटरी थोडा वेळ रिकाम्या फिरत होत्या हे मला माहीत होतं. मी खाली जाऊन आवाज ऐकला होता, कोरडा, किरकिरा. मग पाणी येई आणि आवाज जाड होई. सोसतायत, असं मी स्वतःला सांगितलं. लोक खूश होते. देवघरातली कुजबुज थांबली. बी मधल्या काकांनी सुद्धा जिन्यात मला विचारलं, "बी ला येणार का?" आणि मला इतकं बरं वाटलं की मी त्यांना चहाला बोलावलं.

मग गौरी आल्या. गौरीजेवणाच्या आदल्या दिवशी कुठेतरी दुरुस्तीसाठी लाइन बंद होती, दिवसभर थेंब नाही. त्यामुळे सणाच्या सकाळी पाचही बिल्डिंगांच्या टाक्या खडखडीत, घरं पाहुण्यांनी भरलेली, आणि सगळ्यांची भिस्त माझ्या घंटेवर. नऊला घंटा वाजली. मी पुरण वाटत होते. सासूबाई म्हणाल्या, "आली हो तुझी घंटा," आणि माझ्याकडे कौतुकाने बघितलं. लग्नानंतर फार थोड्या वेळा बघितलंय तसं. मोटर आपोआप सुरू होते म्हणून कोणी खाली गेलं नाही. मीही नाही.

दिवसभर रिकामी राहिलेली ती एवढी लांब लाइन. त्या दिवशी हवा दहा मिनिटं नाही, अर्धा तास येत होती. अर्धा तास पाच मोटरी कोरड्या फिरल्या आणि तीन जळाल्या. वास चौथ्या मजल्यापर्यंत आला. पुरणाला लागलं असेल म्हणून मी आधी गॅसकडे बघितलं.

खाली गेले तेव्हा माणसं जमली होती. नेसवलेल्या गौरी, सोळा भाज्या चिरून ठेवलेल्या, दारात पाहुण्यांच्या चपला, आणि पाचही बिल्डिंगांत हात धुवायला पाणी नाही. ज्या दोन मोटरी वाचल्या त्यांनीही एअर धरली होती, पाणी ओढेनात. कोणी मला काही बोललं नाही. मोटर कशाने जळली हे कोणाला माहीतच नव्हतं. मी एकटीच होते माहीत असलेली, असं मला वाटत होतं.

मग भगदाडातून तिचा आवाज आला. तिच्या घरी गौरीला तिखटाचा नैवेद्य असतो. मटणाचं पातेलं चुलीवर होतं, ते जावेच्या हवाली करून ती आली होती, साडी खोचलेली, हाताला वाटणाचा वास. गावात एक जुनी विहीर आहे, त्यांच्या कुटुंबाची, तिच्यात पंप सोडला होता तिने. दिरांना आणि पुतण्यांना हाका मारत भिंतीवरून नळी अलीकडे आणली, टेम्पोवर पिंप चढवून लांबच्या दोन बिल्डिंगांकडे पाठवले. आणि मग भगदाडात उभं राहून ती सांगत होती, तोंडपाठ. "ए बिल्डिंग, तिसरा माला, तिथं बालंतीन हाय, आदी तिला. ई च्या आजींना वर नेऊन द्या. डी मदल्या मास्तरांना दोन हंडे, त्यांच्याकडं गावची मानसं आलीत." दोनशे घरं. कोणाकडे किती पाहुणे, कोणाचा नैवेद्य किती वाजता, कोणाचं कोण आजारी. माझ्या ॲपमध्ये दोनशे घरांचे फ्लॅट नंबर होते आणि मोबाइल नंबर होते.

मी रांगेत उभी होते, बादली घेऊन. तिने मला बघितलं आणि मोठ्याने म्हणाली, "हिला पुढं सोडा, हिच्या सासूची गवर खोलंबलीय." लोकांनी मला वाट दिली. मला शरम वाटायला हवी होती. वाटलीही, पण नंतर, बादली घेऊन जिना चढताना. त्या क्षणी मला फक्त हेवा वाटला. साडेबारापर्यंत सगळ्या घरांत पाणी पोचलं होतं. आमच्या गौरीचं जेवण वेळेवर झालं आणि सासूबाईंनी पहिलं ताट तिच्यासाठी काढून ठेवलं.

मोटरींची जळालेली तार नव्याने भरून त्या दोन दिवसांत परत आल्या. मी सेन्सर पुन्हा टाकीत टाकला, कोणाला न सांगता. महिना संपायला चार दिवस होते. पत्र मी आधीच टाइप करून ठेवलं होतं, पण चेअरमनांच्या दारात जायची माझी छाती होईना. ते टेबलावर पडून राहिलं आणि एक दिवस दिसेना. सासूबाईंना विचारलं तर म्हणाल्या, "असेल इथेच कुठेतरी."

दुसऱ्या दिवशी ती आली. प्लास्टिकच्या पिशवीतून कागद काढला. पाच सह्या, पाच गोल शिक्के.

"घे. जा ठान्याला."

मी कागद धरून उभी. "ह्यांनी सह्या केल्या? मोटरी जळूनसुद्धा?"

"लायटीचा फेज उडाला म्हनून जलल्या, सांगितलं मी. आमच्याकडं उडतोच फेज. मानले लगेच."

"तुला माहिती आहे ना कशाने जळल्या त्या?"

"म्हाईत हाय की. मीच नाय का सांगितलं तुला हवेचं." हे ती अशा आवाजात म्हणाली की त्यात टोमणा शोधायचा तर मला भिंग लागलं असतं. "पन आता तुजं काम अडलेलं ना गो."

सासूबाई आतून चहा घेऊन आल्या आणि दोघी गुडघ्याच्या तेलाबद्दल बोलू लागल्या. माझ्या हातात चाळीस टॉवर होते. एक फोन करायचा, पत्र नेऊन द्यायचं. पाच जणांचा तिच्या शब्दावर इतका विश्वास की यंत्रामुळे मोटर गेली का हे कोणी विचारलंसुद्धा नाही. वीस वर्षांच्या अनुभवावर जे मला मिळालं नाही ते ती एका सकाळी, भाजी आणायला जाता जाता, पिशवीतून घेऊन आली होती. आणि मला आयुष्यभर हे ठाऊक राहणार होतं.

मी तिचा मोबाइल मागितला. ग्रुप मीच बंद केला होता, मीच उघडला. आणि त्यावर आयुष्यात पहिल्यांदा बोलले. मोटरी फेजने जळाल्या नाहीत, मी सेन्सरची जागा बदलली म्हणून जळाल्या, हिने मला हवेचं सांगितलं होतं आणि मी ऐकलं नाही, मोटरींचा खर्च माझा. ती चहाची बशी तोंडाशी धरून बघत राहिली. "कशाला गो," एवढंच म्हणाली.

लोक नंतर म्हणाले, प्रामाणिकपणा. सासूबाई अजून पाहुण्यांना सांगतात. प्रामाणिकपणा कसला, तिच्या उपकारावर मला ठाण्याला जायचं नव्हतं. आणि त्यातही फजिती कशी बघा. पाव तास ग्रुपवर सगळे माझ्यावर तुटून पडले. मग कोणीतरी लिहिलं, म्हणजे ताईंनी मैत्रिणीला वाचवायला फेजचं सांगितलं होतं. त्यानंतर रात्रीच्या जेवणापर्यंत नुसते हात जोडलेले, किती मोठं मन, अशी माणसं राहिली नाहीत. मास्तरांनी मैत्रीवरचा सुविचार टाकला. मी पत्र फाडलं आणि ऐरोलीला हो कळवलं.

कामावर जायच्या आदल्या दिवशी मी तिच्याकडे गेले. ती ओट्यावर पापलेटं साफ करत होती. मी पायरीवर बसले. खवले उडत होते. मग मी विचारून टाकलं. पस्तीस वर्षांपूर्वी विचारायला हवं होतं ते.

"तुला माझा कधी हेवा वाटला का गं?"

ती हात थांबवून विचार करू लागली, मनापासून. तिला मला बरं वाटेल असं उत्तर द्यायचं होतं, ते दिसत होतं, आणि तिला ते सापडत नव्हतं.

"तुजा?" ती म्हणाली. "कशाचा गो?"

ती खरंच विचारत होती. सुरी हातात धरून माझ्या तोंडाकडे बघत होती, मी एखादी गोष्ट सांगितली असती तर तिने तिचा हेवा करायचा प्रयत्नसुद्धा केला असता. मी सांगायला तोंड उघडलं. मला एकही आठवली नाही.